राखाडी दिसलं ते फॉस्फेट नव्हतं

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं गाड्यांच्या टाक्या आणि मडगार्ड दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात कागलकडचा एक पोरगा आजोबांच्या येझदी मोटरसायकलची गळकी टाकी पोत्यात गुंडाळून घेऊन आला. येझदीचा म्हैसूरचा कारखाना 1996 ला बंद पडला. तेव्हापासून बाजारात मिळते ती बहुतेक पातळ पत्र्याची नक्कल. त्यामुळे अशी मूळ टाकी हातात आली की मी ती सहसा परत पाठवत नाही. आजोबांची अट एकच होती, पेंटरने हाताने ओढलेली वरची सोनेरी रेघ जळता कामा नये.

त्या अटीमुळे ब्रेझिंगचा प्रश्नच मिटला. पितळेची कांडी वितळवायला पत्रा 900 अंशांच्या आसपास न्यावा लागतो, मग रंग कुठला राहतोय? कथील-शिशाचा डाग, म्हणजे सोल्डर, मात्र 190 च्या आसपासच वितळतो.

पेट्रोल मागच्या बोल्टापाशी टपकत होतं, पण भोक तिथे नव्हतं. जोडाच्या कडेवरून पेट्रोल कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. मी बाहेरून चुन्याचं पाणी फासून वाळवतो आणि आत डिझेल ओततो. थोड्या वेळाने पांढऱ्या चुन्यावर ओले डाग उमटतात. इथे डाव्या पोटाच्या खालच्या जोडावर चार उमटले, मोहरीएवढे. गाडी दोन वर्षं साइड स्टँडवर डावीकडे कलंडून उभी होती. आपल्याच साखर कारखान्यांच्या मळीपासून होणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलसकट पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतं आणि पत्रा आतून खातं.

मी पोराला विचारलं, "आत कुणी गळती थांबवायचं कोटिंग ओतलंय का?"

"न्हाई मामा, मेकॅनिकनं नुसती साफ करून दिली हुती."

मी तारेवर छोटा एलईडी दिवा बांधून आत सोडला. पत्रा राखाडी दिसला. फॉस्फोरिक ॲसिडने धुतलेल्या टाकीत फॉस्फेटचा असाच थर येतो, म्हणून मला बरंच वाटलं. तारेचा आकडा घालून एकदा खरवडायला किती वेळ लागला असता? मी खरवडलं नाही.

टाकी सोडा आणि साबणाच्या गरम पाण्याने तीनदा धुतली. मग उलटी ठेवून झाकणाचं तोंड बंद केलं आणि पेट्रोल कॉकच्या भोकातून जोडाच्या खालपर्यंत पाणी भरलं. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ साठते आणि ठिणगी पडली की टाकीच फुटते. पाणी भरलं की वाफेला फारशी जागा उरत नाही.

पुढचं काम माझ्या आवडीचं. मिठाच्या ॲसिडमध्ये जस्ताचे तुकडे टाकायचे आणि बुडबुडे थांबेपर्यंत उघड्यावर ठेवायचं. याला आम्ही ॲसिड मारणं म्हणतो. पत्रा घासून चकचकीत करायचा, हे ॲसिड काडीने लावायचं. डाग द्यायचं तांब्याचं जड आयर्न नवसागरावर घासून कथील चढवायचं आणि मग जोडावरून सावकाश ओढायचं. पत्रा पुरेसा तापलेला असेल तर कथील जोडात आपोआप ओढलं जातं. कोमट पत्र्यावर ते गोळ्या होऊन बसतं आणि महिन्यात सुटतं.

त्या दिवशी गोळ्याच होत होत्या. आतलं पाणी उष्णता पिऊन टाकत होतं. म्हणून मी माझ्या हाताखालच्या पोराला म्हटलं, "लांबनं जरा बर्नर फिरव."

फस्स आवाज झाला आणि कॉकच्या भोकातून हातभर जाळ आला. पोराच्या डाव्या भुवईचे केस गेले, कपाळ लालबुंद झालं. पाणी भरलेलं होतं म्हणून डोळे वाचले.

मी त्याचं कपाळ नळाखाली धरलं, डॉक्टरकडे नेऊन आणलं आणि मग आकडा आत घातला. बाहेर आली सायीसारखी राखाडी कातडी. तिच्याखाली जुना गंज आणि ओलं पेट्रोल, वास अगदी ताजा. मेकॅनिकने गंज न काढता त्यावरच कोटिंग ओतलं होतं, आणि गिऱ्हाइकाला त्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. इथेनॉलने ते फुगलं, पत्र्यापासून सुटलं आणि मागे पेट्रोल अडकलं. ते पाण्याने तीनदा काय, तीसदा धुतलं तरी निघालं नसतं. मालकाला न सांगता टाकीत काही ओतणाऱ्याला मी कारागीर म्हणत नाही. तरीपण बर्नर फिरव म्हणणारा मीच होतो.

कोटिंग विरघळवून काढायला दोन दिवस गेले. आत नटबोल्ट टाकून टाकी हलवली, सायट्रिक ॲसिडमध्ये एक रात्र ठेवली, सोड्याने धुतली, लगेच गरम हवेने वाळवली आणि आतून तेल फिरवलं. नाहीतर धुतलेल्या पत्र्यावर तासाभरात परत तांबूस पावडर येते. मग नुसतं सावकाश आयर्न, ज्योत नाहीच. चारही डाग बसले. रेघेला धक्का लागला नाही. टाकीखाली फ्रेम बसते त्या बोगद्यात मी ऑइलपेंटने लिहिलं, 'आत कोटिंग नाही'.

जाळ आला त्याच संध्याकाळी माझ्या हाताखालच्या पोराची आई डबा घेऊन आली होती. "दादा, ह्याच्या कपाळाला काय झालं?" पोरगं मध्येच म्हणालं, "चूल लागली." मी त्याला गप्प केलं आणि झालं तसं सांगितलं, चूक माझी हेही सांगितलं. ती काही बोलली नाही. डबा बाकावर ठेवला, पोराची भुवई बोटाने चाचपली आणि गेली. दुसऱ्या दिवशी पोरगं नेहमीच्या वेळेला आलं, पण बर्नर अजून त्याने हातात घेतलेला नाही आणि मीही दिलेला नाही.