आमची वाटचाल : सह्याद्रीपासून मों ब्लांच्या परिक्रमेपर्यंत

सह्याद्रीतले एक-दोन दिवसांचे ट्रेक आणि उन्हाळ्यात हिमालयातली एखादी मोहीम, एवढ्यावर आमचं बरं चाललं होतं. पुण्यात एका खोलीचं ऑफिस, दोर आणि तंबू ठेवायला तिचाच पोटमाळा, हिशेब बायकोकडे आणि डोंगरवाटा माझ्याकडे. येणारी मंडळी वर्षानुवर्षं तीच. त्यांची वयं वाढली, मुलं परदेशी स्थिरावली आणि मग त्यांच्यातूनच मागणी येऊ लागली : आल्प्सला न्या, पण बसच्या खिडकीतून दाखवू नका. पायी न्या, आणि आपल्या माणसांबरोबर न्या.

आम्ही निवडली ती आल्प्समधल्या मों ब्लां या शिखराभोवतीची वाट. साधारण १७० किलोमीटर, दहा-अकरा दिवस, फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड. शिखर ४,८०० मीटरच्या वर आहे, पण आपण त्यावर चढत नाही, त्याला फेरी घालतो. जिनिव्हाचा शास्त्रज्ञ सोस्यूर याने १७६७ साली ही फेरी केली होती, शिखरावर पहिली माणसं पोहोचली त्याच्या एकोणीस वर्षं आधी. आमच्या गटातल्या काकूंनी एकदा विचारलं होतं, प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला असतो, मग इथे डोंगर डाव्या हाताला का? प्रश्न अगदी योग्य होता. बहुतेक लोक ही फेरी उलट्या दिशेनेच करतात, कारण त्या बाजूने सुरुवातीचे चढ त्यातल्या त्यात सोसवतात.

‘एका ट्रेकमध्ये तीन देश’ हे जाहिरातीत उठून दिसतं. आम्ही मात्र त्यावर भर देत नाही. कोल द ला सेन्य ही २,५१६ मीटरची खिंड ओलांडली की इटली, ग्रां कोल फेरे ओलांडली की स्वित्झर्लंड आणि कोल द बाल्मवरून पुन्हा फ्रान्स. खिंडीत चौकी नसते, एका शेंगेन व्हिसावर सगळं होतं. स्वित्झर्लंडमध्ये युरोऐवजी फ्रँक लागतात आणि वाटेवरचा नमस्कार बदलतो, एवढाच काय तो फरक. देश मोजायला आलेला माणूस दुसऱ्याच दिवशी कंटाळतो. चालायला आलेला माणूस रमतो.

म्हणून आमच्या कामाचा गाभा आहे तो सराव. या वाटेवरची एकूण चढाई दहा हजार मीटरच्या आसपास भरते, म्हणजे रोज सरासरी हजार मीटर चढ आणि जवळपास तेवढाच उतार. पायथ्यापासून सिंहगड रोज दीडपट चढायचा आणि उतरायचा, असे दहा दिवस. पहिल्याच दिवशी लागणारी कोल द व्होझा ही खिंड १,६५३ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६. हिमालयात चार-पाच हजार मीटर उंचीवर जाऊन आलेले लोक हे आकडे पाहून निर्धास्त होतात. त्यांचं बरोबरही आहे, कारण इथे विरळ हवेचा त्रास नाही. पण हिमालयातल्या आपल्या नेहमीच्या ट्रेकमध्ये चढ बहुतेक वेळा टप्प्याटप्प्याने येतो. इथे रोज एक खिंड चढायची आणि पुन्हा खोल दरीत उतरायचं. परीक्षा असते ती गुडघ्यांची.

तेव्हा आम्ही नियम केला : सहा महिने आमच्याबरोबर सराव केल्याशिवाय नाव पक्कं होणार नाही. सॅकमध्ये वजन घेऊन सिंहगड, मग राजगड-तोरणा एका दमात, मग सलग दोन-तीन दिवसांची डोंगरयात्रा. पैसे तयार ठेवून आलेल्या लोकांनाही ‘यंदा नको, पुढच्या वर्षी या’ असं सांगितलं आहे. त्यातले काही दुसरीकडून गेले. धंद्याच्या दृष्टीने हे जड जातं, पण यात आम्ही सवलत देत नाही, ओळखीच्या माणसालाही नाही. सप्टेंबरमध्ये जाणारा गट भर पावसाळ्यात सराव करतो आणि माझ्या मते तोच जास्त तयार असतो. ओल्या कातळावर पाय रोवायची सवय आणि भिजलेल्या अंगाने चालत राहण्याचा धीर पावसाळी सह्याद्रीच देतो.

वाट दाखवायला मात्र मी नसतो. फ्रान्समध्ये मोबदला घेऊन लोकांना डोंगरात न्यायचं तर त्यासाठीची मान्यताप्राप्त पदविका लागते. प्रत्येक गटाबरोबर आम्ही तिथला पात्र माउंटन लीडर ठेवतो आणि मी गटाचा सोबती म्हणून चालतो. हा खर्च मोठा आहे, पण मनापासून पटलेला आहे. जूनच्या अखेरीस खिंडीत बर्फ उरलेलं असतं. कुठे आडवं जायचं, कुठे थांबायचं आणि दुपारच्या विजांच्या आधी धार कधी सोडायची, हे त्या डोंगरात वाढलेला माणूसच जाणतो.

जेवणाचा प्रश्न आम्हाला सगळ्यात आधी विचारला जातो. मुक्काम रिफ्यूजमध्ये, म्हणजे डोंगरातल्या सामायिक निवाऱ्यात. बूट दाराशी काढायचे, एका खोलीत ओळीने झोपायचं, रात्रीचं जेवण ठरल्या वेळी सगळ्यांबरोबर. शाकाहारी असल्याचं बुकिंग करतानाच कळवावं लागतं, अंडं चालत नसेल तर तेही स्पष्ट लिहावं लागतं. सूप, पाव, चीज, इटलीत मक्याच्या पिठाचा पोलेंटा. आषाढी एकादशीला गट स्वित्झर्लंडमध्ये असला तर रोश्ती मिळते. किसलेला बटाटा तव्यावर खरपूस परतलेला, म्हणजे आपला बटाट्याचा कीसच. कांदा नको एवढं आधी सांगितलं की उपवास निभतो. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही पुण्याहून नेतो.

शेवटच्या टप्प्यात ब्रेव्हां या शिखरावर आम्ही मुद्दाम जास्त वेळ ठेवतो. समोर मों ब्लां आणि त्यावरून खाली आलेली बोसों हिमनदी. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ विमान याच डोंगरावर आदळलं. विमानातले ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. त्याआधी १९५० साली ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमानही इथेच कोसळलं होतं. हिमनदी सरकते आणि वितळते तशी त्या विमानांतल्या वस्तू अजून बाहेर येतात. २०१२ साली भारत सरकारच्या टपालाची पिशवी सापडली. २०२० साली त्या काळची भारतीय वर्तमानपत्रं मिळाली. इंदिरा गांधींची पंतप्रधानपदी निवड झाल्याच्या बातम्या त्यांत वाचता येत होत्या. हे सगळं मी मराठीतून सांगतो. त्यासाठीच आपला माणूस बरोबर हवा, असं मला वाटतं.

२०२० चा हंगाम पूर्ण गेला. रिफ्यूजना आणि विमान कंपन्यांना दिलेले पैसे अडकले होते, लोकांचे आमच्याकडे होते. आम्ही ते हप्त्याहप्त्याने परत केले आणि त्यासाठी ऑफिसची खोली सोडली. आता घरातूनच काम चालतं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून परदेश सहलींच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे सहल विकणाऱ्याने ग्राहकाकडून आधीच गोळा करायचा कर, लागू झाला. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, तरी ती रक्कम आधी भरावी लागते, म्हणून आम्ही ती कोटेशनमध्ये वेगळी दाखवतो.

गट आजही लहानच ठेवतो. एका माउंटन लीडरला सगळ्यांची चाल नजरेत ठेवता आली पाहिजे, आणि रिफ्यूजमध्ये एकत्र जागाही मिळाली पाहिजे. चांगल्या रिफ्यूजमधल्या जागा आदल्या वर्षीच्या हिवाळ्यातच भरू लागतात, म्हणून आमची नावनोंदणी दिवाळीनंतर लगेच सुरू होते. नाव द्यायच्या आधी एका रविवारी पहाटे आमच्याबरोबर सिंहगड चढायला या. पैशांचं बोलणं गडावरून खाली उतरल्यावर करू.