कसर

दसरा चार दिवसांवर आला की आमच्याकडे पुस्तकांच्या कपाटाची पाळी येते. सासूबाई त्याला अडगळ म्हणतात. नेमाड्यांनी 'हिंदू'ला 'जगण्याची समृद्ध अडगळ' असं उपशीर्षक दिलंय, हे मी त्यांना एकदा मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. त्यांनी त्यातलं 'समृद्ध' तेवढं गाळलं आणि उरलेलं कायमचं वापरात घेतलं.

तर परवा दुपारी जेवणं उरकली, तोंडाला ओढणी बांधली आणि खालच्या कप्प्यात हात घातला. नौपाड्यातली आमची इमारत जुनी. पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला घाम फुटतो आणि तिला टेकलेली पुस्तकं ऑक्टोबरात पापडासारखी फुगून निघतात. जेम्स जॉइसची जाडजूड इंग्रजी कादंबरी 'युलिसिस' काढली, दोन्ही हातांत धरून आपटली, तर खाली भुकटी पडली. तांदळाच्या पिठीसारखी. मुखपृष्ठावर टाचणीने पाडावं तसं एक भोक. पुढच्या पानावरही तेच, त्याच्या पुढच्या पानावरही. गोल, नीटनेटकं, एकही पान न गाळता.

माझी खूण पन्नाशीतल्या कुठल्याशा पानावर होती, मेथीची वाळकी काडी. भोक तिला वळसा घालून पुढे गेलं होतं. शंभर झाली, दीडशे झाली, दोनशे झाली, मी आपली पानं उलटतेय. अडीचशे ओलांडल्यावर ते थांबलं.

म्हणजे कसर माझ्या दोनशे पानं पुढे होती.

(आपण पुस्तकातल्या सगळ्याच किड्यांना कसर म्हणून मोकळे होतो. चंदेरी, सळसळत पळणारी कसर कागदाची नुसती साल काढते, बांधणीतली खळ खाते. असं आरपार भोक पाडते ती भुंगेऱ्याची अळी. पण 'भुंगेऱ्याची अळी माझ्या पुढे गेली' असं म्हणवत नाही.)

मेथीच्या काडीचं सांगते. हे पुस्तक मी १९९८ साली फोर्टच्या फुटपाथवरून ६० रुपयांना घेतलं. नऊशेच्या वर पानं, म्हणजे रुपयाला पंधरा पानं पडली, या हिशेबावर मी खूश होते. तेव्हा ऑफिस बॅलार्ड इस्टेटला. सकाळची गाडी ठाण्याहूनच सुटणारी, त्यामुळे बसायला मिळायचं. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली तेव्हा तिने कापलेले ३४ किलोमीटर मी रोज दोनदा कापत होते आणि त्यात दीड पान वाचत होते. कधी कधी तेच दीड पान. मुलुंडला सुरू केलेलं वाक्य घाटकोपरला संपायचं आणि कर्ता कोण हे बघायला परत मुलुंडला जावं लागायचं.

"ताई, परीक्षा आहे का कसली?" समोरच्या बाईंनी एकदा विचारलं.

"नाही हो, गोष्टीचंच पुस्तक आहे."

त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पिशवीतून मेथीची जुडी काढली. "मग जरा द्या इकडे. मांडीवर धरायला बरंय."

कुर्ल्यापासून मस्जिदपर्यंत जॉइसवर मेथी निवडली गेली. ती काडी तेव्हाची. मला त्या बाईंचा राग आला नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्या कादंबरीत सगळा मिळून एकच दिवस आहे, डब्लिन शहरातला १६ जून १९०४. सकाळी आठला सुरू होते. तिसऱ्या प्रकरणात स्टीफन नावाचा तरुण समुद्रकिनाऱ्यावर एकटा चालत असतो, आणि त्याच्या डोक्यात जे चाललेलं असतं ते तसंच्या तसं आपल्या अंगावर येतं. तिथे सकाळचे अकरा वाजलेत. मी तिथेच आहे. मुलगा शाळेत गेला, कॉलेजात गेला, नोकरीला लागून पुण्याला गेला, माझे सांधे दुखायला लागले, आणि स्टीफन आपला वाळूत चालतोच आहे, त्याचे अकराच वाजलेत.

ऑफिसातल्या एका जाणकाराने सल्ला दिला होता की सरळ चौथ्या प्रकरणापासून सुरू करा, तिथे कादंबरीचा नायक ब्लूम येतो, मग सोपं आहे. केलं. ब्लूम सकाळी न्याहारीला मूत्रपिंड तळायला ठेवतो आणि बायकोशी बोलत बसतो, तोवर ते खाली करपतं. मी पुस्तक पालथं घातलं आणि गॅसवरचं दूध बघायला पळाले. परत काही ब्लूमकडे गेले नाही. जाणकारांनी सोपं म्हटलेल्या गोष्टींचा मी तेव्हापासून धसकाच घेतलाय.

आमच्या चरईतल्या आजीला असलं काही सांगायची सोय नव्हती. चातुर्मासात तिचा 'हरिविजय' असायचा. छत्तीस अध्याय. दुपारी अडीचच्या सुमाराला ती लाल बासन सोडायची, चौरंगावर पोथी ठेवायची, चष्म्याची एक काडी दोऱ्याची होती ती कानामागे गुंडाळायची आणि सुरू. शेजारच्या दोघीतिघी वाती वळत ऐकायच्या. आजी वाचताना ओळीखाली बोट ठेवी. मधेच तिचा डोळा लागे. आवाज आधी बारीक व्हायचा, मग नुसता श्वास उरायचा, पण बोट तिथेच. वाती थांबायच्या नाहीत, कुणी तिला उठवायचंही नाही. दोन-चार मिनिटांनी ती डोळे उघडायची आणि अर्ध्या राहिलेल्या शब्दाचं पुढचं अक्षर म्हणायची. 'गोव' म्हणून झोपली असेल, तर 'र्धन' म्हणून उठायची. खोटं नाही सांगत.

मी विचारायचे, "आजी, म्हणजे काय गं याचा अर्थ?"

"पुढे येतो."

प्रत्येक वेळी हेच उत्तर. पुढे यायचा की नाही, आठवत नाही. पण अध्याय संपल्याशिवाय उठायचं नाही हा नियम मात्र पक्का होता, दूध उतू गेलं तरी. आणि संपला की हातावर खडीसाखर. माझ्या वाचनाचं पुढे जे वाटोळं झालं, त्याचं मूळ बहुधा त्या खडीसाखरेत आहे. शेवटच्या पानापाशी कुणी काही हातावर ठेवत नाही, हे कळायला मला जरा वेळ लागला. एरवी आपल्या भाषेत कामं अर्धवट टाकण्याला बासनात गुंडाळणं का म्हणतात कोण जाणे. आजी तर वाचून झाल्यावरच गुंडाळायची.

एकटी मीच अशी नाही, याचा पुरावा मात्र मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. ठाण्याला मोठं मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच, १८९३ पासूनचं. पण लग्नानंतर मी जायचे ती गल्लीतल्या एका छोट्या लायब्ररीत, जिथे मालक, कारकून आणि शिपाई मिळून एकच काका होते. तिथे एका रशियन कादंबरीच्या भाषांतराचे दोन खंड शेजारी शेजारी असायचे. पहिल्याचा कणा मोडलेला, पुठ्ठ्याला चिकटपट्टी, मागच्या कागदावर परतीच्या तारखांचे शिक्के एकावर एक. दुसरा खंड नव्या नवरदेवासारखा. शिक्के तीन. त्यातला एक माझा, आणि मी तो न उघडताच परत केला होता.

"दुसरा निवांत आणा," काका म्हणायचे. "त्याला कुणी थांबलेलं नसतं."

'हिंदू' मात्र मी पुरी केली. २०१० मध्ये आली तेव्हा घेतली, दोनदा सोडली, तिसऱ्यांदा मोहेंजोदडोहून निघालेल्या खंडेरावाबरोबर घरी पोचले एकदाची. चौदा महिने लागले. मधली काही पानं मी फक्त डोळ्यांखालून घातली, हे आज कबूल करते. पण आजीही झोपायचीच की. प्रूस्त या फ्रेंच लेखकाच्या कादंबरीचे सात खंड मी हातात घेतलेले नाहीत, घेणारही नाही. शेवटचे तीन तर तो १९२२ मध्ये गेल्यावर छापून आले, म्हणजे छापील स्वरूपात सगळं पुस्तक लेखकाच्याही हाती लागलं नव्हतं. हे वाचल्यापासून मला त्या माणसाविषयी फार आपुलकी वाटते.

पण कसर का थांबली असेल? ते राहून राहून डोक्यात येत होतं. फडकं बाजूला ठेवलं, फरशीवर मांडी घातली आणि भोक संपतं ते पान वाचायला घेतलं. ते प्रकरण ग्रंथालयात घडतं. डब्लिनचं राष्ट्रीय ग्रंथालय, दुपारचे दोन, स्टीफन तिथे चारचौघांना हॅम्लेटबद्दल स्वतःचा काहीतरी सिद्धान्त ऐकवतोय. म्हणजे तो किनाऱ्यावरून केव्हाच निघाला होता तर. मला पत्ताच नाही. आणि कसर ग्रंथालयापर्यंत पोचली आणि तिथे राहिली. आजूबाजूला एवढी पुस्तकं दिसल्यावर आणखी पुढे कशाला जायचं, असंही असेल.

दीड पान वाचलं. अर्थ पुढे येईल म्हणून तसंच रेटलं. दोन विनोद कळले, बहुधा ते विनोद असावेत.

मग ग्रिलमध्ये पुस्तक उन्हाला ठेवलं. समोरचा टॉवर झाल्यापासून आमच्याकडे ऊन अडीचपर्यंतच असतं, त्यामुळे घाई करावी लागते. मेथीची काडी हातात राहिली होती. ती होती तिथे पन्नाशीत ठेवावी तर लाज वाटत होती. अडीचशेवर ठेवावी तर दुसऱ्याने केलेलं काम आपल्या नावावर लावल्यासारखं. शेवटी सुपलीत टाकली.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "काय गं, संपलं का?"

"होत आलंय, आई."