तुम्ही विचारलंत म्हणून: पुढचा मॅनेजर कोण, हा काथ्याकूट कशासाठी?

मी लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबची चाहती आहे हे कळलं की थोड्या वेळाने एक प्रश्न हमखास येतो. मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य कोच, निवडणार मालक, पगार देणार मालक, काढणारही तेच. मग तुम्ही चाहते आठवडेच्या आठवडे ‘पुढचा कोण’ यावर का भांडता? आणि एवढं करून तुम्ही घेतलेल्या नावांपैकी बरेचदा कुणीच येत नाही!

प्रश्न रास्त आहे. पण एरवी वर्षभर आम्ही काय बोलतो ते बघा. ती पेनल्टी होती का, अमक्याला बाहेर का बसवलं, शनिवारच्या मॅचला कोण जायबंदी आहे. आपला क्लब असावा कसा, हे बोलायची वेळ मॅनेजरची खुर्ची रिकामी झाल्यावरच येते. नाव हे निमित्त असतं. ‘हाच हवा’ म्हणणारा माणूस त्या नावाआडून सांगत असतो की मला असा फुटबॉल बघायचाय, हरलो तरी असं खेळून हरायचंय, आणि अशा माणसाच्या हाती माझा क्लब गेला तर मला रात्री झोप लागेल.

२६ जानेवारी २०२४ ला आमचा तेव्हाचा मॅनेजर युर्गन क्लॉप याने जाहीर केलं की हंगाम संपला की तो जाणार. कारण त्याने सरळ सांगितलं, आपली ऊर्जा संपत आली आहे. २०१५ पासून तो आमच्याकडे होता. युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग आणली, तीस वर्षांनी इंग्लंडच्या लीगचं विजेतेपद आणलं. धक्का बसला, आणि त्याच दिवशी सगळ्यांच्या तोंडी एक नाव आलं: शाबी अलोन्सो.

तेच नाव का, हे बघण्यासारखं आहे. अलोन्सो २००४ ते २००९ आमच्याकडे खेळला. २००५ च्या चॅम्पियन्स लीगच्या इस्तंबूलच्या फायनलमध्ये ०-३ वरून बरोबरी साधणारा गोल त्याचा. पेनल्टी अडली, परत आलेला बॉल त्यानेच जाळ्यात मारला. आता तो जर्मनीतल्या लेव्हरकुसेन क्लबचा कोच होता आणि त्याचा संघ जर्मनीत एकही सामना हरत नव्हता. (पुढे त्यांनी बुंडेसलिगाचे, म्हणजे जर्मनीच्या वरच्या लीगचे, सगळे ३४ सामने न हरता विजेतेपद मिळवलं.) मलाही तोच हवा होता. आमच्यातलाच आहे, त्याला या क्लबची किंमत ठाऊक आहे, ही भावना फार खोलवरची असते. क्लॉप गेल्यावर घर परक्याच्या ताब्यात जाऊ नये, एवढंच आम्ही त्या नावातून मागत होतो.

त्या दोन महिन्यांत अलोन्सोची एकेक पत्रकार परिषद आम्ही परीक्षेच्या पेपरसारखी वाचली. ‘माझं लक्ष इथल्या कामावर आहे’ असं कोच म्हणाला, तर तो नकार नव्हे. ‘मी इथे खूश आहे’ हाही नकार नव्हे. ‘माझा करार अमुक सालापर्यंत आहे’ ही नुसती माहिती, कारण करारातून सुटायची रक्कम बरेचदा करारातच लिहिलेली असते. ‘पुढच्या हंगामात मी इथेच असेन’ हा मात्र नकार. २९ मार्चला अलोन्सो नेमकं हेच बोलला आणि विषय मिटला. तरुण कोच म्हणून आपल्याला हीच जागा योग्य वाटते, असं त्याचं म्हणणं होतं. जर्मनीतला बडा क्लब बायर्न म्युनिकही त्याच्या मागे होता. त्यांनाही तेच उत्तर मिळालं.

मग पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबचा कोच रुबेन अमोरिम याचं नाव चाललं. आणि एप्रिलच्या अखेरीस पुढे आला नेदरलँड्सच्या फेयेनूर्ड क्लबचा कोच आर्ने स्लॉट. सुरुवातीच्या आठवड्यांत मी वाचलेल्या किती याद्यांत तो होता? फार थोड्या. पण क्लब वेगळ्या बाजूने शोधत होता. हातात असलेले खेळाडू तेच ठेवून, खेळाची घडी न विस्कटता, पुढे कोण नेईल? खेळाडूंना दुखापती कोणाकडे कमी होतात? तरुण खेळाडू कोणाकडे सुधारतात? आम्ही क्लॉपसारखा माणूस शोधत होतो, क्लब क्लॉपच्या संघाला जुळणारा कोच शोधत होता. या दोन शोधांतलं अंतर मला तेव्हा नीट दिसलं. १९ मेला शेवटच्या सामन्यानंतर क्लॉपने मैदानात माइक हातात घेऊन स्वतःच स्लॉटच्या नावाचं गाणं म्हटलं आणि सगळ्या स्टेडियमकडून म्हणवून घेतलं. जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी केलेलं इतकं मोठ्या मनाचं काम मी फुटबॉलमध्ये दुसरं पाहिलेलं नाही. पुढच्या वर्षी, २७ एप्रिल २०२५ ला टॉटनहॅमला ५-१ हरवून चार सामने बाकी असतानाच लीग आमची झाली.

आता ही नावं येतात कुठून, तेही सांगते, कारण पुष्कळांना वाटतं चाहते ती हवेतून काढतात. निम्मी नावं एजंट सोडतात. मोठ्या क्लबशी नाव जोडलं गेलं की आहे त्या क्लबमध्ये पगारवाढ मागायला बळ येतं. काही क्लबच सोडतो, लोक कसे घेतात ते बघायला. आणि सट्टा घेणाऱ्या कंपन्यांचे भाव तर निव्वळ फसवे. ‘पुढचा मॅनेजर’ या बाजारात पैसा थोडा असतो, त्यामुळे चार माणसांनी एकाच नावावर पैसे लावले तरी भाव कोसळतो (सट्ट्यात भाव जितका कमी, तितकं ते नाव पक्कं मानतात). भाव कोसळला याची बातमी होते, बातमी वाचून आणखी लोक पैसे लावतात, आणि संध्याकाळपर्यंत ज्याला क्लबने फोनही केलेला नाही तो ‘आघाडीवर’ असतो. कुणाचं विमान कुठे उतरलं हे शोधणारेही आहेत. मी त्यांच्यातली नाही, पण त्यांची तळमळ मला कळते.

चाहत्यांचे अंदाज बहुतेकदा दोनच दिशांना धावतात: गेला त्याच्यासारखा, नाहीतर त्याच्या अगदी उलट. क्लबही कधीकधी याच मोहात पडतात. २०१३ मध्ये ॲलेक्स फर्ग्युसन सव्वीस वर्षांहून जास्त काळानंतर मँचेस्टर युनायटेडमधून निवृत्त झाले. त्यांच्या शिफारशीवरून डेव्हिड मॉइस आले. तेही स्कॉटिश, तेही कष्टाळू, एव्हर्टनला अकरा वर्षं टिकलेले, आणि करार तब्बल सहा वर्षांचा. स्टँडमध्ये ‘निवडलेला हाच’ अशा अर्थाचा मोठा फलक लागला. मार्च २०१४ मध्ये स्टेडियमवरून एक विमान ‘चुकीचा माणूस निवडलात, मॉइस चालते व्हा’ अशा अर्थाचा फलक ओढत गेलं. खाली बसलेल्या बऱ्याच लोकांनी त्या विमानाचीच हुर्यो उडवली, हे मला युनायटेडच्या चाहत्यांबद्दल आदराने सांगावंसं वाटतं. एप्रिलमध्ये मॉइस गेले, दहा महिनेही झाले नव्हते. उलट दिशेचं उदाहरण लीड्स क्लबचं. १९७४ मध्ये डॉन रेव्ही इंग्लंडच्या संघाकडे गेले आणि त्यांच्या जागी आणलं ब्रायन क्लफना, ज्यांनी त्याच लीड्सच्या खेळावर वर्षानुवर्षं जाहीर टीका केली होती. ४४ दिवसांत सगळं आटोपलं.

त्याच उन्हाळ्यात आमच्याकडे बिल शँक्लींनी अचानक राजीनामा दिला. क्लबने बाहेर शोधाशोध केली नाही. बॉब पेस्ली १९३९ पासून इथे होते: आधी खेळाडू, मग फिजिओ, मग प्रशिक्षक. त्यांना ही जबाबदारी नको होती, समजावून गळ्यात घालावी लागली. नऊ हंगामांत त्यांनी सहा लीग आणि तीन युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) आणले. आजच्या अंदाजांत असा माणूस बसत नाही, कारण त्याच्याबद्दल बोलायला एजंट नसतो आणि त्याच्या नावावर कुणी पैसे लावत नाही.

अनपेक्षित नावाला आपण फार पटकन नाकं मुरडतो, एवढं मात्र मान्य करायला हवं. १९९६ मध्ये जपानच्या नागोयाहून आर्सेन व्हेंगर आर्सेनलला आले तेव्हा लंडनच्या वर्तमानपत्राने ‘आर्सेन कोण?’ असंच विचारलं होतं. २००३-०४ मध्ये त्यांच्या संघाने अख्खी लीग न हरता जिंकली. क्लाउदिओ रानिएरींना २०१४ च्या नोव्हेंबरात ग्रीसने काढलं होतं, कारण घरच्या मैदानावर चिमुकल्या फेरो बेटांकडून हार. पुढच्या जुलैत लेस्टरने त्यांनाच घेतलं आणि २०१६ मध्ये लेस्टर विजेतं. आणि बायर्न? २०२४ मध्ये अलोन्सो नाही म्हणाला, नागल्समनने जर्मनीच्या संघाशी करार वाढवला, रांगनिकने ऑस्ट्रिया सोडायला नकार दिला. मग त्यांनी घेतला व्हिन्सेंट कोंपनी, ज्याचा बर्नली नुकताच इंग्लंडच्या वरच्या लीगमधून घसरला होता. पहिल्याच हंगामात बुंडेसलिगा परत बायर्नकडे.

‘पण तुमच्या बोलण्याने काही बदलतं का?’ हा पुढचा प्रश्न. बदलतं, कधीकधी. २०२१ च्या एप्रिलमध्ये टॉटनहॅमने मॅनेजर मोरिन्योंना काढलं आणि नवा माणूस मिळेपर्यंत दोन महिन्यांहून जास्त काळ गेला. मधेच इटालियन कोच जेन्नारो गट्टूसोचं नाव आलं. त्याच्या जुन्या वक्तव्यांवरून चाहत्यांनी एवढा आवाज उठवला की बोलणी थांबली. २०२२ च्या जानेवारीत एव्हर्टनचे मालक पोर्तुगीज कोच विटोर परेराला आणण्याच्या बेतात होते. एव्हर्टनच्या तेव्हाच्या स्टेडियमच्या, गुडिसन पार्कच्या, भिंतीवर ‘परेरा नको, लॅम्पार्ड हवा’ असं स्प्रेने रंगवलं गेलं. परेरा स्वतः टीव्हीच्या बातम्यांवर थेट प्रक्षेपणात आपली बाजू मांडायला आला. कल्पना करा, नोकरी अजून मिळालेली नाही आणि माणूस सगळ्या देशासमोर अर्ज वाचून दाखवतोय. ३१ जानेवारीला फ्रँक लॅम्पार्डची नेमणूक झाली.

यात मला आनंद आणि अस्वस्थता दोन्ही वाटतात. चाहत्यांची ताकद नकार देण्यापुरती चालते, निवडण्यात फार थोडी चालते. टॉटनहॅमने शेवटी नूनो एस्पिरितो सांतोला आणलं आणि लीगच्या दहा सामन्यांनंतर काढलं. कोण नको हे लोकांनी सांगितलं होतं, पण नक्की कसा हवा हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

विचारणारे क्लब आहेत. बार्सिलोनाचे मालक त्याचे सभासद आहेत, अध्यक्ष ते मत देऊन निवडतात, आणि तिथे पुढचा कोच हा प्रचाराचा मुद्दा असतो. मार्च २०२१ च्या निवडणुकीत व्हिक्टर फोंत हे क्लबचा जुना खेळाडू शावी याचं नाव पुढे करून लढले. जोआन लापोर्ता जिंकले, पण ऑक्टोबरमध्ये तेव्हाचा कोच कूमन याला काढायची वेळ आली तेव्हा नोव्हेंबरात त्यांनी आणलं ते शावीलाच. हरलेल्या उमेदवाराचा कोच जिंकलेल्याने बोलावला आणि २०२२-२३ ची स्पॅनिश लीग घेतली. म्हणजे त्या प्रचारात सभासद जे महिनोन्‌महिने बोलत होते ते कुठेतरी मुरलं होतं.

लिव्हरपूलच्या चाहत्यांना मतदानाचा हक्क नाही. तो नसेपर्यंत कोण यावा आणि का यावा, हे मी बोलत राहणार, आणि माझ्याशी वाद घालायला येणाऱ्याला मी नावाआधी ‘का’ विचारणार.