ओठांचा स्वतःचा रंग

लिपस्टिकच्या कांडीचा रंग आणि तीच लिपस्टिक माझ्या ओठांवर दिसते तो रंग हे दोन निरनिराळे रंग आहेत, आणि मनासारखी लिपस्टिक मिळण्यातली बहुतेक कटकट या एका गोष्टीतून निर्माण होते. माझा वरचा ओठ खालच्यापेक्षा बराच गडद, तपकिरीकडे झुकणारा आहे. सावळ्या वर्णाच्या पुष्कळ स्त्रियांचे ओठ असेच दुरंगी असतात. परंतु जाहिरातींतले एकसारखे गुलाबी ओठ सतत पाहिल्याने ते व्यंग वाटू लागते, आणि मग कोणी बीट चोळायला सांगते, तर कोणी मध-साखर.

फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरी रोजचा साजशृंगार म्हणजे पिंजर (कुंकू), काजळ आणि केसांत आबोलीची फाती एवढाच होता. लिपस्टिक दिसायची ती देवळाच्या उत्सवातल्या मराठी नाटकाच्या रंगपटात. गोव्यात गावोगावी उत्सवाला नाटक होते, आणि त्या काळात शेजारपाजारची ओळखीची माणसे रंग लावून बसलेली पाहणे हा नाटकाइतकाच मोठा कार्यक्रम असे. पुढे कॉलेजात असताना मीही अशा नाटकांत उभी राहिले. रंगभूषाकाराने लावलेली लालभडक लिपस्टिक आरशात जवळून भयंकर वाटे, पण प्रखर दिव्यांखाली चेहऱ्याचे बारकावे पुसले जातात आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ओठांची हालचाल दिसायला हवी असते, त्यामुळे तिथे तोच रंग योग्य होता. मेकअप हा पाहणाऱ्याच्या अंतरावर अवलंबून असतो, हे मी तिथे शिकले. पणजीत नोकरीला लागल्यावर माझ्यापुढे प्रश्न होता तो हातभर अंतरावरून बोलणाऱ्या माणसांसाठीच्या रंगाचा.

त्या सुमारास सगळीकडे ‘न्यूड’ शेडचे कौतुक चालले होते. फिकट बदामी, फिकट गुलाबी अशा त्या लिपस्टिक माझ्या चेहऱ्यावर आल्या की मी तापातून उठल्यासारखी दिसे. याचे कारण लिपस्टिकच्या घडणीत आहे. मेण, तेल (त्यात एरंडेल बहुधा असतेच) आणि रंगद्रव्ये मिळून कांडी तयार होते, आणि फिकट शेड साधण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य वापरतात. गडद ओठांवर आणि सावळ्या त्वचेशेजारी हा पांढरेपणा राखेसारखा वर येतो. वेष्टनावर हे द्रव्य सी. आय. (कलर इंडेक्स, म्हणजे रंगद्रव्यांची क्रमवार सूची) ७७८९१ या क्रमांकाने छापलेले असते, तर विटकरी आणि तपकिरी छटा देणारे लोहाचे ऑक्साइड ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ या क्रमांकांनी. मात्र पुष्कळदा एका मालिकेतल्या सर्व शेडसाठी एकच यादी छापतात, त्यामुळे कोणते द्रव्य किती आहे ते यादीवरून उमगत नाही. याच यादीत ७५४७० असेल तर तो कोचिनील नावाच्या किड्यापासून काढलेला लाल रंग असतो, हे सोमवार कडकडीत पाळणाऱ्या माझ्या मावशीला मी अद्याप सांगितलेले नाही.

दुकानात बहुतेक जणी मनगटावर रेघ ओढून रंग पाहतात. मनगटाची आतली बाजू हा शरीराचा उजळ भाग; तिथे शोभलेला रंग तपकिरी ओठांवर तसाच उतरण्याचे काही कारण नाही. त्यापेक्षा बोटाच्या टोकावर तो पातळ चोळून पाहणे मला अधिक विश्वासार्ह वाटते. टेस्टर थेट ओठांना लावणे मला कधीच पटलेले नाही, कारण ती कांडी आधी किती जणींच्या ओठांवरून फिरली असेल याचा हिशेब कोणीच ठेवत नाही. पणजीतल्या अठरा जून रस्त्यावरच्या दुकानांत मी रंगवलेले बोट घेऊन सरळ दाराबाहेर उजेडात येते, कारण आतल्या पांढऱ्याफेक दिव्यांत विटकरी आणि मरून यांतला फरकही धड कळत नाही. विक्रेत्या मुलींना आता याचे आश्चर्य वाटत नाही.

दुसरी अडचण आपल्या हवेची आणि आपल्या जेवणाची. दिवसभर टिकणाऱ्या मॅट लिक्विड लिपस्टिकमधला द्राव उडून जातो आणि ओठांवर रंगाचा पापुद्रा उरतो. घाम किंवा पाणी यांना तो दाद देत नाही, तेलापुढे मात्र हार मानतो. दुपारी नारळाच्या रसातले हुमण (माशांची आमटी) आणि भात जेवून उठले की मधला रंग गेलेला आणि कडेची रेघ तेवढी शाबूत, असा प्रकार होतो. साधी क्रीम लिपस्टिकही जेवणात जाते, पण ती सगळीकडून सारखी जाते आणि आरशाशिवायही पुन्हा लावता येते. मे महिन्यात ती स्कूटरच्या डिकीत ठेवू नये एवढेच. मेणमाशीचे मेण वितळायला साठ अंशांहून अधिक उष्णता लागत असली, तरी तेलात मिसळलेली कांडी त्याआधीच मऊ पडते आणि तिच्यावर तेलाचे थेंब दिसू लागतात.

शेवटी जी मला मिळाली ती तपकिरीकडे झुकणारी, जुन्या कौलाच्या रंगाची एक साधी क्रीम लिपस्टिक आहे. तिच्यात ओठांचा मूळ रंग झाकला जात नाही, उलट मिसळतो. वरचा ओठ किंचित गडदच राहतो आणि त्यामुळे ते ओठ माझेच वाटतात. मावशीने निरखून पाहिले आणि म्हणाली, ‘‘लावलंय की नाही तेच कळत नाही, मग पैसे कशाला घातलेस?’’ लग्नसमारंभात मंडपाच्या दिव्यांसाठी मी या लिपस्टिकखाली गडद लिप लायनर भरते आणि वर दुसरा हात देते, तेव्हा मावशीचीही तक्रार नसते. कंपन्या चाललेली शेड केव्हा बंद करतील याचा भरवसा नसल्यामुळे नळीच्या बुडाशी चिकटवलेल्या शेडक्रमांकाचा फोटो मी फोनमध्ये ठेवला आहे, आणि दुकानात गेले की आधी तोच दाखवते.