दोन तासांचे काम

नैराश्यामुळे बरेच महिने घरी काढून मी इथे जर्मनीत पुन्हा कामावर रुजू झालो, हे कळवल्यावर अमळनेरहून दादांनी विचारले, "रोज दोन तास काम करून कोणती कंपनी पगार देते रे?" प्रश्न रास्त आहे. त्या काळात कंपनी पगार देतच नाही. जर्मनीत आजारपणाचे पहिले ६ आठवडे मालक पूर्ण पगार देतो. त्यानंतर आरोग्य विमा कपातीआधीच्या एकूण पगाराच्या ७० टक्के, पण हातात पडणाऱ्या पगाराच्या ९० टक्क्यांच्या आत, इतका भत्ता देतो आणि एका आजारासाठी तो, मालकाचे ते ६ आठवडे धरून, ३ वर्षांत जास्तीत जास्त ७८ आठवडे मिळतो. ‘हाम्बुर्गर मोडेल’ नावाच्या पद्धतीत डॉक्टर तासांचा तक्ता आखून देतात, आधी दोन तास, मग चार, मग सहा, आणि तो पूर्ण होईपर्यंत माणूस कागदोपत्री आजारीच असल्यामुळे त्याच्याकडून पूर्ण कामाची अपेक्षा कोणालाही करता येत नाही.

पहिल्या दिवशी मला तपासायला दोनच जुनी बिले दिली होती. वेळ संपली तेव्हा दुसरे बिल अर्धवट होते आणि मला ते हातावेगळे करायचे होते. पण विभागप्रमुख बाई टेबलाशी आल्या, त्यांनी तक्त्यावर बोट ठेवले आणि मी संगणक बंद करेपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे मालकाकडे जाणाऱ्या दाखल्यात आजाराचे नावच नसते. माझा चुलतभाऊ पारोळा तालुक्यात शिक्षक आहे. अशाच आजारातून उठून तो शाळेत गेला, तेव्हा तो पोहोचण्याआधी त्याच्या गोळ्यांची चर्चा शिक्षकांच्या खोलीत पोहोचली होती, आणि त्याच आठवड्यात दोन वर्ग त्याच्या गळ्यात पडले. मला इथे कोणी काही विचारले नाही, म्हणून मी मान वर करून आत जाऊ शकलो.

मात्र इथल्या लोकांचे गोडवे गाणाऱ्यांना हेही सांगायला हवे की त्या महिन्यांत माझ्या दाराची घंटा कोणी वाजवली नाही. चुलतभावाला शेजारच्या काकू कळण्याची भाकरी आणि ठेचा आणून देत, समोर बसून खायला लावत, आणि धाकटा भाऊ त्याला रोज मोटारसायकलवर शेतात नेई. ही माया कोणत्याही विम्यात बसत नाही. तरीही मी घरी परतलो नाही, कारण नोकरी सोडून आलो असतो तर भत्ता आणि परतीची ही पायरी, दोन्ही हातचे गेले असते. आईला हे पटलेले नाही, मला अजूनही पटते.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो आणि मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला सांगतो. मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेली-मानस’ या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही आहे. पण परतलेल्या शिक्षकाला पहिला महिना एकच वर्ग द्यायला आणि त्याच्या आजाराची चर्चा थांबवायला मुख्याध्यापकांनी कोणत्या आदेशाची वाट पाहावी? चुलतभावाच्या शाळेत एवढे झाले असते, तर त्याला दिवाळीनंतर पुन्हा रजेवर जावे लागले नसते, असे मला ठामपणे वाटते.