चारच सुंगटं

दर रविवारी मी बेळगावच्या कॅम्पातल्या मासळीबाजारात चार सुंगटं, म्हणजे कोळंब्या, मागतो. चार किलो नव्हे, चार नग. पहिल्यांदा मागितली तेव्हा मावशीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘‘मांजर पाळलाय काय वो?’’ तारामाशासाठी हवीत म्हणून सांगायला जीभ रेटेना. होय म्हणून मोकळा झालो. तेव्हापासून ती दोन डोकी फुकट घालते, ‘मनीला’ म्हणून. ती मी परतताना गल्लीतल्या खऱ्या मनीला देतो. म्हणजे खोटं निम्मंच.

आमचा तारामासा ‘चॉकलेट चिप’ जातीचा. तळहाताएवढा, बिस्किटाच्या रंगाचा, अंगावर काळपट टेंगळं. लेकीला तो पुण्यातल्या एका दुकानात आवडला आणि मी, मुलींच्या बापाला शोभेल असा, अर्ध्या तासात विरघळलो. नाव तारामासा, पण हा मासा नव्हेच. कल्ले नाहीत, शेपूट नाही, कणा नाही. समुद्री काकडीचा भाऊबंद. शेजारच्या आक्का कानडीत ‘नक्षत्र मीनु’ म्हणतात, म्हणजे तिथंही मासाच. अर्थात नाव एक नि वस्तू दुसरी, याचं बेळगावकराला नवल ते काय? 2014 पासून पाटीवर बेळगावी आहे, तोंडात बेळगावच.

समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर, घाटमाथ्यापल्याड, हॉलच्या कोपऱ्यात समुद्र करायचा म्हणजे मिठाचा खेळ. लिटरला 35 ग्रॅम धरा. आमची टाकी 200 लिटरची, म्हणजे सात किलो मीठ, तेही स्वयंपाकाचं नव्हे, समुद्रातले इतर क्षार असलेलं. आई पिशवीकडं बघून म्हणाली, ‘‘एवढ्यात तीन वर्षांची लोणची झाली असती.’’ उन्हाळ्यात पाणी उडतं, मीठ मात्र टाकीतच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या, फिल्टरच्या पाण्याची. हे कळायला मला महिना लागला, आईला एक वाक्य: ‘‘आमटी आटली की मीठ घालतात काय रे?’’

तारामाशाला रक्त नाही. पाठीवर मधोमध नव्हे, जरा बाजूला, फिकट बटणासारखा ठिपका असतो. त्यातून समुद्राचं पाणी आत येतं नि नळ्यांतून पाची हातांत फिरतं. त्यामुळं पाण्याचा खारटपणा एकदम बदलला की याचा जीवच धोक्यात. आणला त्या रात्री त्याच्या डब्यात आमच्या टाकीचं पाणी थेंब थेंब सोडत तीन तास बसलो होतो. आई दर अर्ध्या तासाला येऊन विचारायची, ‘‘सलाईन संपलं काय?’’ टाकीत ठेवतानाही त्याला पाण्याबाहेर काढायचं नाही, वाडगा पाण्यात बुडवूनच सोडायचा.

जेवणाचे वार सोमवार आणि गुरुवार. रविवारची सुंगटं म्हणून सोमवार. सोललेल्या सुंगटाचा नखाएवढा तुकडा, मीठ-हळद न लावलेला, चिमट्यानं एका हाताच्या टोकाशी धरायचा. आधी काही होत नाही. मग हाताखालचे दोऱ्यासारखे बारीक पाय, शेकड्यांनी, चाचपडत पुढं येतात नि तुकडा एकमेकांकडं देत आत नेतात. गणपतीच्या प्रसादाची वाटी रांगेतून पुढं जावी तसा. मेंदू नाही, तरी घाई नाही नि धक्काबुक्कीही नाही. तोंड पोटाखाली, मधोमध. तिथं पोहोचलं की हे महाशय अंग उचलून घुमटासारखे बसतात आणि जठरच बाहेर काढून घासावर पांघरतात. पाचक रसाच्या ग्रंथी पाची हातांत पसरलेल्या असतात. हातावर पोट असलेली माणसं आपण बघतो, पण इतकं शब्दशः कुणी नसेल.

अडचण एवढीच की हा ‘पुरे’ म्हणत नाही. तोंड दिसत नाही, ढेकर नाही, ताटावर आडवा हात नाही. आणि आमच्या घरात पाहुण्यानं तीनदा ‘नको’ म्हटल्याशिवाय ते खरं धरत नाहीत. मी गोव्याला गेलो होतो तेव्हा आईनं एक सोडून चार तुकडे घातले. तीन खडकामागं गेले, कुजले. परत आलो तर पाण्याला वास, टाकीत अमोनिया, नि याचे हात शिळ्या भाकरीच्या कडेसारखे वर वळलेले. पाण्याचा तिसरा हिस्सा काढून आधीच कालवून ठेवलेलं खारं पाणी भरलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी तो काचेवर चढला तेव्हा आई कुणाशी न बोलता देवघरात जाऊन आली. उपाशी मात्र राहत नाही गडी: महिन्याभरात टाकीतल्या दोन गोगलगाई नाहीशा झाल्या, शंख तेवढे राहिले.

आक्का रोज दारातून ओरडतात, ‘‘ऊट आतेन री?’’ म्हणजे, जेवण झालं काय? आधी मला वाटायचं, मला विचारतात.

खरा पेच श्रावणाचा. महिनाभर घरात मासळी येत नाही. मी आषाढातच सुंगटं सोलून, तुकडे करून डबीत घातली नि फ्रीजरच्या तळाशी लपवली. आईला पहिल्याच दिवशी सापडली. ‘‘सोमवार सोडून वार मिळाला नाही काय तुला?’’ म्हणाली. डबी हातात घेऊन बराच वेळ उभी होती. मग तीच म्हणाली, ‘‘त्याला कुठला श्रावण? दे की. एकच दे पण.’’

पहिल्या श्रावणी सोमवारी संध्याकाळी तुकडा मी धरला, बॅटरी आईनं. ती दिवसभर उपाशी. तुकडा हातावरून आत गेला, अंग वर उचललं गेलं, घुमट झाला. आईनं बॅटरी विझवली.

‘‘बसला जेवायला. आता माझं पान घ्या.’’