न्यूरबुर्गरिंग: इंजिन दमलं नाही, ब्रेक दमले

श्टुटगार्ट ते न्यूरबुर्ग साधारण 300 किलोमीटर. त्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ए-61 हायवेवर ट्रकांची न संपणारी रांग होती. विनिंगेनजवळ मोझेल नदीवरचा 136 मीटर उंचीचा पूल आला, तेव्हा धाकट्याने मोबाईलमधून डोकं वर काढलं, तेवढंच.

धाकटा चाकणला ब्रेक पॅडच्या कारखान्यात आहे. कंपनीच्या कामासाठी जर्मनीत आला होता आणि शनिवार-रविवार माझ्याकडे होता. मी त्याला हायडेलबर्गचा किल्ला दाखवणार होते. तो म्हणाला, "ताई, किल्ले आपल्याकडे कमी आहेत का? मला रिंगवर ने." रिंग म्हणजे न्यूरबुर्गरिंग, मोटार शर्यतींचा ट्रॅक.

मलाही जायचंच होतं. माझी गाडी दोन दारांची, 300 घोड्यांची, वजनाला दीड टन. अशा गाड्यांच्या जाहिरातीत न्यूरबुर्गरिंगचं नाव हमखास असतं: इथे घडवली, इथे पारखली. रस्त्यासाठी बनवलेली गाडी खरोखर ट्रॅकवर टिकते का, हे मला स्वतः बघायचं होतं. त्यासाठी याहून योग्य जागा मला माहीत नाही, कारण हा ट्रॅक कायद्याने रस्ताच आहे.

म्हणजे असं. आयफेलच्या डोंगरातला नॉर्डश्लायफे हा जुना ट्रॅक 1927 साली सुरू झाला. लांबी 20.832 किलोमीटर, चढउतार जवळजवळ 300 मीटरचा. शर्यती किंवा कार कंपन्यांच्या चाचण्या नसतील तेव्हा तो लोकांसाठी उघडतात आणि त्या वेळी तो टोल भरून जायचा एकेरी रस्ता मानला जातो. नंबरप्लेट हवी, गाडी रस्त्याच्या नियमांत बसणारी हवी, ओव्हरटेक फक्त डावीकडून, आणि घड्याळ लावून वेळ मोजायला मनाई. आम्ही गेलो तेव्हा शनिवार-रविवारी एका फेरीला 35 युरो होते. पैसे एवढेच असते तर प्रश्न नव्हता. रेलिंग वाकवलं तर त्याचं बिल तुमच्या नावावर निघतं, आणि अनेक विमा पॉलिसींमध्ये हा ट्रॅक स्पष्टपणे वगळलेला असतो. मी आधी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घेतलं, मगच निघाले. जो कोणी जाईल त्याने हे करावंच. तिथे मला भेटलेल्या निम्म्या लोकांनी केलेलं नव्हतं आणि त्याचं मला खरंच वाईट वाटलं.

पार्किंगमधली गर्दी मला मुळीच आवडली नाही. उगाच इंजिन गुरगुरवणारे, मोबाईल उंच धरून उभे राहिलेले, रांगेत घुसणारे. पण फाटक उघडलं, कार्ड टेकवलं आणि गाडी झाडांमध्ये शिरली, तसं ते सगळं मागे पडलं.

सुरुवातीच्या एका वळणाला रेसिंग ड्रायव्हर ‘झाबीने श्मिट्स’ हिचं नाव दिलं आहे. ती याच गावातली मुलगी. इथली 24 तासांची शर्यत तिने 1996 आणि 1997 अशी दोनदा जिंकली. 2021 मध्ये ती गेली. त्या वळणावर मी वेग कमी ठेवला, कारण मला ती पाटी नीट बघायची होती.

पुढे हात्सेनबाखची वळणं एकामागून एक येतात. तिथे गाडी इतकी छान वागली की मी मोठ्याने हसले. स्टिअरिंग अचूक, सस्पेन्शन घट्ट, आणि इंजिनाला तर काही संपणंच माहीत नाही. श्वेडनक्रॉइत्सच्या उतारावर काटा 200 च्या जवळ गेला. त्यानंतर लगेच आरेमबेर्गचं वळण. तिथे जोरात ब्रेक. मग फुक्सर्योरेची घसरण, तळाशी पोटात गोळा, वर चढून आडेनाउअर फोर्स्टला पुन्हा जोरात ब्रेक. काल्लेनहार्डला ब्रेक. आणि मग वेअरझायफेन.

वेअरझायफेन उतारावर आहे. मी नेहमीच्या जागी पाय दाबला आणि गाडी हळू झाली नाही. अगदीच थांबली नाही असं नव्हे, पण मागच्या वळणाला जेवढी थांबली त्याच्या निम्मीही नाही. मी आणखी जोर लावला. काहीतरी जळल्यासारखा उग्र वास आत आला.

"ताई, पेडल खाली जातंय की कडक आहे?" धाकट्याने विचारलं. आवाज एकदम शांत.

"कडक आहे. पण धरत नाही."

"मग ऑइल ठीक आहे, पॅड तापलेत. खालचा गिअर टाक, उजवीकडे राहा, इंडिकेटर दे. खाली पूल आला की चढ लागेल."

एवढ्या तीन वाक्यांत त्याने जे सांगितलं, त्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले आहे. ब्रेक दोन वेगवेगळ्या प्रकारांनी दगा देतात आणि तो फरक पायाला कळायला हवा. पेडल मऊ पडून खाली जात असेल, तर ब्रेक ऑइल उकळलं आहे. त्यात वाफेचे बुडबुडे झाले आहेत आणि तुम्ही ते बुडबुडे दाबताय. डॉट 4 या दर्जाचं ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळू नये, असं मानक सांगतं. पण ते हवेतलं पाणी शोषत राहतं आणि पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तेच मानक 155 अंशांवर येतं. मी निघण्याआधीच ऑइल बदललं होतं, त्यामुळे ते टिकलं. पेडल कडक असून गाडी थांबत नसेल, तर मात्र पॅड. पॅडमधले सगळे घटक रेझिनने बांधलेले असतात. ते हद्दीपलीकडे तापलं की त्यातून वायू सुटतो आणि पॅड आणि चाकाबरोबर फिरणारी डिस्क यांच्या मध्ये त्याचा थर बसतो. मग कितीही दाबा, घर्षण नाही.

रस्त्यासाठीचा पॅड मुद्दाम असा बनवतात, की सकाळी थंड असताना पहिल्याच सिग्नलला त्याने धरावं, करकरू नये, आणि चाकांवर काळी भुकटी बसू नये. ट्रॅकचा पॅड नेमका उलटा असतो. तो तापल्यावरच जागा होतो. दोन्ही गुण एकाच पॅडमध्ये पूर्ण मिळत नाहीत. धाकटा म्हणाला, आमच्या कारखान्यात सगळी भांडणं यावरूनच होतात.

ब्राइडशाइडचा पूल मी गिअरवर, अगदी बैलगाडीच्या वेगाने पार केला. आमच्या बाबांनी आंबेनळी घाटात शिकवलेलं कामी आलं: गाडी इंजिनवर उतरवायची, ब्रेक राखून ठेवायचे. मागचे सगळे डावीकडून निघून गेले, कोणी हॉर्न वाजवला नाही. पुढे बेर्गवेर्क. त्याच्या थोडं आधी 1 ऑगस्ट 1976 रोजी फॉर्म्युला वन ड्रायव्हर निकी लाउडाची गाडी पेटली होती. बरोबरच्या ड्रायव्हरांनी स्वतःच्या गाड्या थांबवून त्याला ओढून काढलं. त्यानंतर फॉर्म्युला वन या ट्रॅकवर परत आली नाही. ब्रेक नीट नसताना त्या जागेवरून जाणं मला जड गेलं.

मग तो लांबलचक चढ. ब्रेकला कामच नाही, वारा लागतोय. वर कारुसेलच्या काँक्रीटच्या खोलगट वळणाशी पोचेस्तोवर पॅड परत धरायला लागले होते. उरलेली फेरी आम्ही निवांत केली. ब्र्यूनशेनला कठड्याशी बसलेली माणसं डबे उघडून खात होती, ते बघून धाकट्याला भूक लागली.

पार्किंगमध्ये शिरलो आणि सवयीने माझा हात हँडब्रेककडे गेला. तेवढ्यात शेजारच्या जुन्या हॅचबॅकमधून एक आजोबा धावतच आले. हातवारे करत म्हणाले, नको, नको, गिअरमध्ये ठेव. त्यांनी स्वतःच्या डिकीतून लाकडी ठोकळा आणून माझ्या चाकामागे लावला. तापलेल्या डिस्कवर पॅड आवळून ठेवला तर त्या जागी डाग बसतो, आणि पुढे पेडल थरथरतं. त्यांना मराठी नाही, धाकट्याला जर्मन नाही. तरी दोघं पाऊण तास गुडघ्यांवर बसून माझ्या चाकाच्या आरांमधून डिस्क बघत होते. आजोबांनी त्यांचा वापरलेला पॅड दाखवला, धाकट्याने कडेच्या भेगांवर नख फिरवून मान डोलवली. मग थर्मासमधली कॉफी आली. जर्मन माणसं घुमी असतात असं इथल्या आपल्या मंडळींत सर्रास म्हणतात. मी हे यापुढे ऐकून घेणार नाही.

टायरही बघितले. दीड टन वजन वळणात बाहेरच्या कडेवर रेलतं, आणि रस्त्याच्या गाडीची चाकं जवळजवळ उभी ठेवलेली असतात, म्हणून कडा आधी झिजतात. माझ्या पुढच्या दोन्ही टायरांच्या कडा एकाच फेरीत खरबरीत झाल्या होत्या.

रात्री आडेनाउमध्ये जेवताना धाकट्याने कागदी रुमालावर हिशेब मांडला. गाडी आणि आम्ही दोघं मिळून 1650 किलो. 200 वरून 100 वर यायला ब्रेकना 19 लाख ज्यूल उष्णता गिळावी लागते. तेवढ्यात पाच-साडेपाच लिटर पाणी उकळेल. आणि हे काही सेकंदांत, वळणामागून वळण. 300 घोडे गाडीला पुन्हापुन्हा त्या वेगाला नेतात आणि प्रत्येक वेळी ती सगळी उष्णता चार डिस्कवर येऊन पडते. शोरूममध्ये घोडे किती ते सगळे सांगतात. किती वेळा थांबेल, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. या ट्रॅकवरचे विक्रम कंपनीचे पट्टीचे ड्रायव्हर, मोकळ्या ट्रॅकवर, त्यासाठीच निवडलेल्या टायरांवर करतात. ते खरेच आहेत. पण त्यावरून माझ्या-तुमच्या गाडीबद्दल काही ठरत नाही.

रविवारी आम्ही तिथली भाड्याची गाडी घेतली. सुझुकी स्विफ्ट! धाकट्याचा चेहरा बघण्यासारखा होता, चाकणच्या त्याच्या पार्किंगमध्ये दर चौथी गाडी तीच. पण हिला आत लोखंडी पिंजरा, घट्ट धरणाऱ्या सीट, ट्रॅकचे पॅड, जास्त तापमान सोसणारं ऑइल. वजन टनाच्या आसपास, ताकद माझ्या गाडीच्या निम्म्याहून कमी. सरळ रस्त्यावर सगळे पुढे गेले. पण वेअरझायफेनला तिने आरेमबेर्गइतकंच धरलं, आणि ड्योटिंगर ह्योएच्या लांब सरळ पट्ट्याला लागेपर्यंत पेडल बदललं नाही. मला पहिल्यांदा वळणांचा विचार करता आला, कारण ब्रेकचा करावा लागत नव्हता.

परतीच्या वाटेवर आमचं जुंपलं. धाकट्याचं म्हणणं, ताई, तुझी गाडी रस्त्याची आहे, ती रस्त्यावरच ठेव, इथे आलीस की स्विफ्ट घे. मला ते पटत नाही. सोमवारी ज्या गाडीने ऑफिसला जाते तिची हद्द कुठे आहे हे मला कळलं ते तिच्यासोबत इथे आल्यावरच, भाड्याच्या गाडीतून कळलं नसतं. इंजिनाला हात लावायचा नाही. पॅड, ऑइल आणि टायर बदलायचे, फेरी झाली की पुढची थंड होऊन मगच घ्यायची. अडचण पॅडची आहे. जर्मनीत रस्त्यावर मान्यता नसलेला पॅड लावला तर गाडीचा परवानाच अडचणीत येतो, आणि हा ट्रॅक तर रस्ताच. मान्यता असलेले आणि उष्णताही सोसणारे पॅड मोजकेच आहेत. माझ्या गाडीसाठी त्यांतला कोणता बसेल, ते शोधायचं काम मी धाकट्याला दिलं आहे. तो अजून म्हणतोय की स्विफ्ट घे, पण फ्रँकफर्टला विमानात बसण्याआधी त्याने माझ्या कॅलिपरचा, म्हणजे पॅड आवळणाऱ्या भागाचा, नंबर लिहून घेतला.